खुब्याचा सांधा पुन्हा बदलताना : पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेतील अंतर

खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज देशातील बहुतेक मोठ्या शहरांत केली जाते. पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांची वेदना थांबते आणि काही महिन्यांत ते पूर्वीसारखे हिंडू-फिरू लागतात. तोच सांधा काही वर्षांनी पुन्हा बदलावा लागला, तर मात्र बरे होण्याचा कालावधी लांबतो, गुंतागुंतीची शक्यता वाढते आणि रुग्णाचे समाधानही तुलनेने कमी राहते. दोन्ही शस्त्रक्रियांचे नाव जवळजवळ एकच असल्यामुळे हा फरक रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांच्या लक्षात अनेकदा उशिरा येतो.

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी या जुन्या वस्तीचे उदाहरण घेतल्यास या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. येथील भव्य नंदीच्या मंदिरावरून या भागाला हे नाव मिळाले. १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर मोकळ्या हवेच्या शोधात लोक येथे मोठ्या संख्येने राहावयास आले. रुंद रस्ते, झाडांची सावली, गांधी बाजारातील फुला-फळांची दुकाने आणि जवळच असलेले लालबाग उद्यान यांमुळे हा भाग पायी फिरणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. अशा वस्तीतील ज्येष्ठ नागरिकाच्या दृष्टीने खुब्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली याचा अर्थ, बाजारात चालत जाता येणे, देवळाच्या पायऱ्या चढता येणे आणि रात्री कुशीवर वळून झोपता येणे असा होतो. पुण्यातील किंवा नागपुरातील ज्येष्ठांची अपेक्षाही याहून वेगळी नसते. ही अपेक्षा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर किती पूर्ण होते आणि दुसरीनंतर किती, याविषयी गेल्या काही दशकांत जगभरात बरीच माहिती जमा झाली आहे.

सांधा कसा बदलतात

खुबा हा शरीरातील सर्वात मोठ्या सांध्यांपैकी एक असून तो उखळीच्या प्रकारचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. या दोन्ही भागांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. संधिवात, अपघात, जन्मजात दोष किंवा हाडाचा रक्तपुरवठा बंद पडणे यांमुळे हे आवरण नष्ट झाले की हाडावर हाड घासू लागते. जांघेत सतत दुखते, पाय आखडतो आणि चाल लंगडी होते.

शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा खराब झालेला गोळा काढून टाकण्यात येतो. हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवून त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा नवा गोळा लावला जातो, तर कमरेच्या हाडात कृत्रिम वाटी बसविली जाते. या शस्त्रक्रियेला आजचे स्वरूप ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी दिले. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी यांचा वापर केला व दोन्ही भाग हाडाच्या सिमेंटने पक्के केले. पुढे ही पद्धत जगभर पसरली. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात खुबारोपणाचा उल्लेख 'शतकातील शस्त्रक्रिया' असा करण्यात आला होता.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

गुंतागुंत नसल्यास रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. पायातील रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी लवकर हालचाल आवश्यक असते, शिवाय रक्त पातळ ठेवणारी औषधेही दिली जातात. साधारणपणे तीन ते पाच दिवसांत रुग्ण घरी जातो. जिना कसा चढावा हे त्यापूर्वी शिकविले जाते. चढताना चांगला पाय आधी वर ठेवायचा आणि उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी खाली ठेवायचा, हा त्याचा सोपा नियम आहे.

पहिले सहा आठवडे स्नायू व भोवतालचे आवरण भरून येण्यासाठी महत्त्वाचे असतात. या काळात खाली वाकणे, पायावर पाय टाकणे आणि गुडघ्यापेक्षा कमी उंचीच्या आसनावर बसणे टाळण्यास सांगितले जाते. त्यानंतर वॉकरऐवजी काठी येते आणि तीन महिन्यांच्या सुमारास बहुतेक रुग्ण आपली रोजची कामे स्वतः करू लागतात. चालण्यातील सुधारणा मात्र वर्षभर चालू राहू शकते.

सांध्याच्या आयुष्याविषयीही समाधानकारक आकडेवारी उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड या देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवर आधारित एक अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १०० पैकी सुमारे ८९ कृत्रिम खुबे १५ वर्षे, ७० खुबे २० वर्षे आणि ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. सत्तरीतील रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ, बसविलेला सांधा बहुधा आयुष्यभर पुरेल असा आहे.

कमी वयाच्या रुग्णाचे गणित वेगळे आहे. ब्रिटनमधील नोंदींवर आधारित, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सत्तरीनंतर खुबा किंवा गुडघा बदलणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांनाच उर्वरित आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पन्नाशीच्या प्रारंभी शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जाते.

भारताच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे खुबा बदलावा लागणाऱ्यांमध्ये तरुण व मध्यमवयीन रुग्णांचे प्रमाण लक्षणीय आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मृत होणे, म्हणजेच ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. स्टेरॉइड औषधांचा दीर्घ किंवा मोठ्या मात्रेतील वापर आणि मद्यपान यांमुळे हा विकार होऊ शकतो. कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये हा विकार आढळल्याचे मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये निदर्शनास आणले होते. वयाच्या पस्तिशीत किंवा चाळिशीत खुबा बदललेल्या व्यक्तीला आयुष्यात पुन्हा एकदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावे लागते.

सांधा पुन्हा का बदलावा लागतो

बसविलेला सांधा पुन्हा बदलण्याची कारणे अनेक आहेत. वर्षानुवर्षांच्या वापराने वाटीचे अस्तर झिजते. झिजेतून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर शरीराची प्रतिक्रिया होते आणि सांध्याभोवतालचे हाड हळूहळू विरघळू लागते. परिणामी सांधा सैल होतो. सांधा वारंवार निखळणे, जंतुसंसर्ग होणे आणि पडल्यामुळे कृत्रिम दांड्याभोवतीचे हाड मोडणे ही इतर प्रमुख कारणे होत.

हाड विरघळण्याच्या या प्रक्रियेत सुरुवातीला काहीच दुखत नाही, असेही घडते. रुग्ण नेहमीप्रमाणे चालत असतो आणि आत हाडाची झीज वाढत असते. दुखू लागेपर्यंत बरेच हाड नष्ट झालेले असू शकते. म्हणूनच काही त्रास नसतानाही ठरावीक अंतराने क्ष-किरण तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. वेळीच लक्षात आल्यास केवळ अस्तर बदलून भागू शकते. उशीर झाल्यास संपूर्ण सांधा काढावा लागतो.

दुसऱ्यांदा वाट का लांबते

पहिल्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदासमोर नैसर्गिक हाड आणि निरोगी स्नायू असतात. पुनर्शस्त्रक्रियेत प्रथम जुना सांधा काढावा लागतो. हाडाशी घट्ट जुळलेला दांडा किंवा त्याभोवतीचे सिमेंट सहजासहजी निघत नाही आणि प्रसंगी ते काढण्यासाठी मांडीचे हाड उभे कापून उघडावे लागते. पूर्वीच्या जखमेच्या व्रणामुळे स्नायू एकमेकांना चिकटलेले असतात. जेथे हाड नष्ट झाले आहे, तेथे हाडाचे रोपण करावे लागते किंवा अधिक लांब दांडा व विशेष प्रकारची वाटी वापरावी लागते. साहजिकच शस्त्रक्रियेला अधिक वेळ लागतो आणि रक्तस्रावही अधिक होतो. दरम्यानच्या वर्षांत रुग्णाचे वय वाढलेले असते आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांची भर पडलेली असू शकते.

याचा परिणाम बरे होण्याच्या वेगावर होतो. हाड कापून पुन्हा जोडले असल्यास किंवा हाडाचे रोपण केले असल्यास त्या पायावर पूर्ण भार देण्यास सहा ते बारा आठवडे मनाई असू शकते. पहिल्या वेळी सहा आठवड्यांत काठीवर आलेला रुग्ण दुसऱ्या वेळी तीन महिन्यांनंतरही वॉकर वापरत असेल, तर त्यात अस्वाभाविक असे काही नाही. सुधारणा वर्ष-दीड वर्षापर्यंत होत राहते आणि काही रुग्णांना काठी कायमची बाळगावी लागते.

जंतुसंसर्ग झालेल्या सांध्याची वाट सर्वांत खडतर असते. अनेक रुग्णांमध्ये दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या टप्प्यात जुना सांधा काढून, जागा स्वच्छ करून तेथे प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता भाग बसविला जातो. त्यानंतर काही आठवडे प्रतिजैविके दिली जातात आणि संसर्ग आटोक्यात आल्याची खात्री झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा बसविला जातो. हा मधला काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात रुग्ण बहुतांशी परावलंबी असतो.

गुंतागुंतीचे प्रमाणही दुसऱ्या वेळी वाढते. पहिल्या खुबारोपणानंतर खोलवर जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणपणे १०० मध्ये एक असे मानले जाते. पुनर्शस्त्रक्रियेनंतर ते त्याच्या काही पट असते. सांधा निखळण्याची शक्यताही अधिक असते, कारण सांध्याला धरून ठेवणारे स्नायू दुबळे झालेले असतात. नंतरच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे आयुष्य आधीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी असते, असे इंग्लंड व वेल्समधील नोंदींवरून दिसून आले आहे. पहिल्या पुनर्शस्त्रक्रियेनंतर १५ वर्षांत सुमारे पाचवा हिस्सा रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. दुसऱ्या पुनर्शस्त्रक्रियेनंतर हेच प्रमाण सुमारे ७ वर्षांत, तर तिसरीनंतर सुमारे ३ वर्षांतच गाठले जाते.

समाधानाचे मोजमाप

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे पूर्वी प्रामुख्याने डॉक्टरच ठरवीत असत. अमेरिकी शल्यविशारद विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या १०० गुणांच्या पद्धतीत रुग्णाची वेदना व कामे यांच्याबरोबरच डॉक्टरने तपासलेल्या हालचालींनाही गुण असतात. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये 'ऑक्सफर्ड हिप स्कोअर' ही प्रश्नावली तयार झाली. तिच्यातील १२ प्रश्नांची उत्तरे रुग्ण स्वतः देतो. वेदना किती आहे, पायमोजे घालता येतात का, जिना चढता येतो का, बाजारहाट करता येते का, रात्री दुखते का, असे हे प्रश्न आहेत. शून्य म्हणजे सर्वाधिक त्रास आणि ४८ म्हणजे त्रास नाही, अशी तिची गुणपद्धती आहे.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल २००९ पासून खुबा बदलणाऱ्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेपूर्वी आणि सुमारे सहा महिन्यांनंतर ही प्रश्नावली भरून घेण्यास प्रारंभ केला. गेल्या दशकातील आकडेवारीनुसार पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या गुणांत सरासरी २२ च्या आसपास वाढ होते. पुनर्शस्त्रक्रियेनंतरची सरासरी वाढ १३ च्या आसपास आहे. पहिल्यांदा शस्त्रक्रिया झालेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्ण समाधान व्यक्त करतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पुनर्शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण घटते, तरीही बहुसंख्य रुग्णांना लाभ होतो. ज्याला सैल सांध्यामुळे चार पावले टाकणे अशक्य झाले होते, त्याच्यासाठी १३ गुणांची वाढ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

गुणांतील हा फरक समजून घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट शस्त्रक्रियेच्या कारणाची. सैल झालेला, दुखणारा सांधा बदलल्यावर आराम स्पष्टपणे जाणवतो. जंतुसंसर्ग किंवा मोडलेले हाड यांसाठी केलेल्या शस्त्रक्रियेत आधीची स्थिती परत मिळविणे हेच मोठे यश असते. वेदनेचे निश्चित कारण न सापडताच सांधा बदलल्यास निराशा पदरी पडण्याची शक्यता सर्वाधिक असते, हे अस्थिरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. त्यामुळे पुनर्शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासणी, क्ष-किरण चित्रे आणि आवश्यकता भासल्यास सांध्यातील द्रवाची तपासणी करून कारण निश्चित केले जाते.

दुसरी गोष्ट तुलनेची. पहिल्या वेळी रुग्ण आपल्या नव्या स्थितीची तुलना अनेक वर्षांच्या वेदनेशी करतो. दुसऱ्या वेळी तो तीच तुलना पहिल्या शस्त्रक्रियेनंतरच्या चांगल्या वर्षांशी करतो. पायाने साथ दिलेली दहा-बारा वर्षे त्याच्या स्मरणात असतात. पहिल्या अनुभवावरून बांधलेली अपेक्षा दुसऱ्या वेळी पूर्ण झाली नाही, तर वैद्यकीयदृष्ट्या यशस्वी शस्त्रक्रियाही रुग्णाला अपयशी वाटू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीचा सविस्तर संवाद हा म्हणूनच उपचाराचाच भाग मानला जातो.

मांडी घालून बसण्याचा प्रश्न

ऑक्सफर्डच्या १२ प्रश्नांत जमिनीवर बसण्याविषयी एकही प्रश्न नाही. पाश्चात्य जीवनपद्धतीत त्याची आवश्यकता भासली नसावी. भारतात मात्र पंगतीत, पूजेला, भजनाला मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसून शौचास जाणे हे दैनंदिन जीवनाचे भाग आहेत. बसवनगुडीसारख्या परंपरा जपणाऱ्या वस्तीत किंवा महाराष्ट्रातील एखाद्या गावात, सर्व १२ प्रश्नांना उत्तम गुण मिळविणारा रुग्णही 'मला खाली बसता येत नाही' म्हणून असमाधानी असू शकतो.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना, सांध्याचा प्रकार व स्नायूंची स्थिती पाहून, कालांतराने मांडी घालून बसण्याची परवानगी डॉक्टर देतात. पुनर्शस्त्रक्रियेनंतर सांधा निखळण्याचा धोका अधिक असल्यामुळे अशी परवानगी मिळण्याची शक्यता कमी असते. कमोडची सोय, स्नानगृहात धरण्यासाठी दांडा, उंच खुर्ची व पलंग आणि पाय घसरणार नाही अशी फरशी ही तयारी रुग्ण घरी येण्यापूर्वी केली, तर पुढील अनेक अडचणी टळतात.

महाराष्ट्राने दिलेला धडा

पुनर्शस्त्रक्रियेच्या प्रश्नाने भारतात सार्वजनिक चर्चेचे स्वरूप घेतले ते एका विशिष्ट कृत्रिम सांध्यामुळे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीच्या 'एएसआर' या सांध्यात वाटी व गोळा दोन्ही धातूचे होते. घर्षणातून सुटणारे कोबाल्ट व क्रोमियम हे धातू भोवतालच्या ऊतींत व रक्तात मिसळत असल्याचे आढळून आले. ब्रिटनच्या नोंदवहीनुसार, पहिल्या पाच वर्षांतच या सांध्याच्या दोन प्रकारांपैकी एकात १२ टक्के, तर दुसऱ्यात १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २००९ मध्ये हा सांधा बाजारातून काढून घेण्यात आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागविला. तोपर्यंत जगभरात सुमारे ९३,००० रुग्णांच्या शरीरात तो बसविण्यात आला होता.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाची दखल घेतली आणि २०११ मध्ये मुंबईतील माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने पुढील वर्षी सादर केलेल्या अहवालानुसार देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये हा सांधा वापरण्यात आला होता. त्यांपैकी एक हजाराहून थोड्या अधिक रुग्णांचीच माहिती मिळू शकली. सुमारे ३,६०० रुग्णांचा मागच लागला नाही.

समितीने बाधित रुग्णांना किमान २० लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली. त्यानंतर दुसऱ्या एका समितीने अपंगत्व व वय विचारात घेऊन ठरविलेल्या सूत्रानुसार ३० लाख ते सुमारे १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतची भरपाई निश्चित करण्यात आली. या सूत्राविरुद्ध कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. पुनर्शस्त्रक्रिया झाल्याची पडताळणी पूर्ण झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी कंपनीने मे २०१९ मध्ये त्या न्यायालयात दर्शविली.

या रुग्णांची पुनर्शस्त्रक्रिया अनेकदा अधिक अवघड ठरते. धातूच्या कणांमुळे सांध्याभोवतालचे स्नायू व मऊ ऊती खराब झालेल्या असतील, तर नवा सांधा उत्तम असूनही त्याला धरून ठेवणारे बळ कमी पडते. म्हणून अशा सांध्याच्या रुग्णांची रक्तातील धातूंच्या प्रमाणासाठी आणि स्कॅनद्वारे नियमित तपासणी व्हावी, असे सुचविले जाते. ज्यांचा मागच लागला नाही, त्यांना हा सल्ला कोण देणार, हा प्रश्न या प्रकरणाने मागे ठेवला आहे.

नोंदीचे महत्त्व

एखाद्या सांध्यात दोष आहे, हे एका रुग्णावरून किंवा एका रुग्णालयावरून कळत नाही. हजारो शस्त्रक्रियांची नोंद एकत्र पाहिल्यावरच ते उघड होते. स्वीडनने १९७९ मध्येच खुबारोपणाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ब्रिटनमध्ये एका सदोष सांध्याच्या प्रकरणानंतर २००३ मध्ये अशी नोंदवही अस्तित्वात आली. भारतात शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, परंतु तिच्यातील सहभाग ऐच्छिक आहे. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करण्यात आला असून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. वैद्यकीय उपकरणांसाठीची स्वतंत्र नियमावली १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली.

राष्ट्रीय पातळीवरील व्यवस्था परिपूर्ण होईपर्यंत रुग्णाने स्वतःजवळ ठेवलेली नोंद ही त्याची सर्वात भरवशाची साथ ठरते. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, सांध्याचा प्रकार, आकार आणि तुकडी क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. तिची एक प्रत शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत लावली जाते. ती प्रत रुग्णाने मागून घ्यावी आणि डिस्चार्ज कार्ड व क्ष-किरण चित्रांसह जपून ठेवावी. पंधरा वर्षांनी सांधा बदलण्याची वेळ आली, तेव्हा आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा दांडा आहे हे ठाऊक असल्यास केवळ झिजलेला भाग बदलून चांगला भाग तसाच ठेवता येण्याची शक्यता असते. माहिती नसल्यास सुस्थितीतील भागही काढण्याची वेळ येऊ शकते. त्यातून शस्त्रक्रिया मोठी होते, हाड अधिक गमावले जाते आणि बरे होण्याचा काळ वाढतो.

शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे

पहिल्यांदा शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने आपल्या वयाच्या मानाने सांधा किती वर्षे टिकेल, वाटी व गोळा कोणत्या पदार्थाचे आहेत, त्या सांध्याचा अनेक वर्षांचा अनुभव उपलब्ध आहे काय आणि पुढील तपासण्या केव्हा कराव्यात, हे विचारून घ्यावे. दात किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असल्यास त्यावर आधी उपचार करावेत. मधुमेह आटोक्यात आणणे आणि धूम्रपान थांबविणे यांमुळे जखम भरून येण्यास मदत होते.

दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्याने सांधा निकामी होण्याचे नेमके कारण कोणते, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाली आहे काय, पायावर पूर्ण भार केव्हा देता येईल आणि काठी कायमची लागण्याची शक्यता किती, हे प्रश्न विचारावेत. पुनर्शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या केंद्रात आणि त्या कामाचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाकडे जाणे हितावह ठरते. घरात किमान तीन महिने मदतीला माणूस असेल, अशी व्यवस्था कुटुंबाने आधीच करावी.

कृत्रिम सांधा बसविलेल्या कोणाही व्यक्तीला जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखू लागणे, लंगडेपणा वाढणे, पाय आखूड झाल्यासारखा वाटणे, जखमेच्या जागी सूज किंवा स्राव दिसणे अथवा कारण नसताना ताप येणे, यांपैकी कोणतेही लक्षण जाणवल्यास वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना भेटावे. उपकरणामुळे त्रास झाल्याचा संशय असल्यास औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची माहिती देता येते.

खुबारोपणाने गेल्या सहा दशकांत असंख्य लोकांना पुन्हा चालते केले आहे आणि पुनर्शस्त्रक्रियेचे तंत्रही सातत्याने सुधारत आहे. ती किती सोपी किंवा किती अवघड ठरेल हे मात्र बऱ्याच अंशी पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळची निवड, त्यानंतरच्या नियमित तपासण्या आणि जपून ठेवलेली कागदपत्रे यांवर अवलंबून असते. ज्यांच्या घरात कृत्रिम खुबा बसविलेली व्यक्ती आहे, त्यांनी ती कागदपत्रे आजच शोधून एका ठिकाणी ठेवणे आणि शेवटची क्ष-किरण तपासणी केव्हा झाली होती हे पाहणे उपयुक्त ठरेल.